सक्तीने सारखं करणाऱ्या राज्याला मराठीत काय म्हणाल?

पांझराकाठ

मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या कॉलेजच्या मुलांसाठी युवारंगची, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची, एकांकिका लिहितो आहे. काळ पुढच्या शतकातला, जागा धुळे-जळगावच्या मधलं कुठलंही गाव. सरकारने सगळी माणसं सारखी करायला घेतली आहेत, आणि तीही गुणाने. ज्याचा गळा गोड, त्याने भजनाला बसायच्या आधी ठेचा खायचा. पैलवानाने दंगलीच्या आदल्या रात्री झोपायचं नाही. जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा एकरी उतारा जास्त आला, तर वरचा माल बांधावरच मातीत घालायचा. वांग्याचं भरीतसुद्धा घरोघरी एकाच तिखटाचं, चाखून तपासायला माणूस येतो.

संहितेत मी ह्याला ‘निरपेक्ष समताराज्य’ म्हटलं. वाचनाला मुलं म्हणाली, सर, हे तर चांगलं वाटतंय. मला चांगलं वाटायला नकोय! दुसरा शब्द सुचवा. आणि घरोघरी फिरणाऱ्या त्या सरकारी माणसाला काय म्हणू? ‘समता निरीक्षक’ लिहिलंय, पण त्यात दम नाही.

शब्दवेल्हाळ

मुलांचं बरोबर आहे. दोष ‘निरपेक्ष’चा. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात निरपेक्ष म्हणजे कशावरही अवलंबून नसलेलं. पण घराघरांत तो शब्द ‘निरपेक्ष सेवा’, ‘निरपेक्ष प्रेम’ असा शिरला, आणि तिथे त्याचा अर्थ काही अपेक्षा न ठेवणारं. त्यामुळे ‘निरपेक्ष समता’ ऐकलं की डोळ्यांपुढे आश्रम येतो. ‘संपूर्ण’ही तसाच गोड. ‘कडेकोट समता’ करून बघा, बंदोबस्त कडेकोट असतो म्हणून पोलीस आपोआप आला. ‘सक्तीची समता’ अर्थाला चोख, कानाला निबंधाचं शीर्षक.

राज्यासाठी मी स्वतः ‘दुःस्वप्नराज्य’ वापरते, पण ते बोलायला जड आहे, नाटकात कोणी म्हणणार नाही. जाता जाता: इंग्रजीत ह्यालाच ‘डिस्टोपिया’ म्हणतात, आणि त्याच कुळातला शब्द जॉन स्टुअर्ट मिलने 1868 साली ब्रिटिश पार्लमेंटात, आयर्लंडच्या धोरणावरून सरकारला झोडताना टोमणा म्हणून वापरला होता. तुम्हालाही टोमणाच हवाय, व्याख्या नकोय.

खडूफळा (अमळनेर)

सर, निरपेक्ष राहू द्या बाजूला. माझी हरकत ‘समता’ला आहे, आणि जरा लांबण लावतो.

समता, समानता, समत्व, सारखेपणा हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास टाकतो. मुळात सगळ्यांत ‘सम’ किंवा त्याचं भावंड आहे, तरी मराठीत त्यांचे संसार वेगळे झालेत. समत्व मनाचं. गीतेत ‘समत्वं योग उच्यते’ आहे ते सुखदुःखात न ढळण्याबद्दल. त्याच गीतेत विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा ह्यांच्याकडे पंडित समदृष्टीने पाहतात असंही येतं. पाहतात सम, हत्तीला कापून कुत्र्याएवढा करत नाहीत. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर बोलताना आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेताना हेच सारं चाललेलं होतं, म्हणजे ह्या शब्दाचा आपल्या खान्देशाशी जुना घरोबा.

सारखेपणा वस्तूंचा. दोन ताटं सारखी, दोन विटा सारख्या.

समता मात्र माणसामाणसातली, आणि मराठीत ती भांडून मिळवलेली आहे. 1927 ला महाडचं पाणी, त्याच्या पुढच्याच वर्षी आंबेडकरांनी ‘समता’ नावाचं पाक्षिक सुरू केलं. वर आलेले साने गुरुजी, जे सहा वर्षं आमच्या अमळनेरात मास्तर होते, 1947 साली पंढरपूरचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. आंबेडकर राहून गेले त्या धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी 31 जुलैला जे लोक चढून जातात त्यांना विचारा समता म्हणजे काय. त्यांतला एकही ‘सगळ्यांची उंची एक करा’ असं सांगणार नाही.

आता तुमच्या नाटकात रंगमंचावर ‘समता’ म्हणत गायकाला ठेचा भरवला, तर टाळ्या कोण वाजवेल? ज्यांना समता कधीच नको होती ते. ‘बघा, सांगत होतो ना, पाची बोटं सारखी नसतात!’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आणि दरवेळी अंगठ्याच्याच तोंडून ऐकलं. करंगळी ते कधी म्हणत नाही.

शब्दवेल्हाळ

सर, पटलं, पण निम्मंच. जुलमी राज्य वाईट शब्द वापरत नाही हो, चांगलाच शब्द पळवतं. कंबोडियात 1975 ते 1979 पर्यंत शहरं रिकामी केली, नोटा रद्द केल्या, सगळ्यांना एकाच काळ्या कपड्यांत शेतावर आणि एकाच पंक्तीत जेवायला बसवलं. ते सारं बरोबरीच्याच नावाने. तेव्हा सरकारच्या तोंडी ‘समता’ असणं हेच खरं चित्रण होईल. तो शब्द पळवला जातोय हे प्रेक्षकाला दिसायला नको का?

(‘समरसता’ कोणी आणू नका. धागा तिकडे गेला की परत येत नाही.)

खडूफळा (अमळनेर)

ताई, कादंबरीत चालेल. तिथे पान उलटून मागे जाता येतं. तीस-चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत प्रेक्षक घरी नेतो तो एक शब्द आणि एक प्रसंग. तो शब्द समता नको, एवढंच माझं म्हणणं.

कोर्टाची पायरी

वकिली खुलासा, छोटा. संविधानाच्या उद्देशिकेत मराठीत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. हिंदीत त्याच जागी ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’. अनुच्छेद 14 मराठीत ‘कायद्यापुढे समानता’. म्हणजे चळवळीचा शब्द समता आणि मराठी कायद्याचा शब्द समानता अशी वाटणी झालेली दिसते. त्यामुळे तुमच्या सरकारी परिपत्रकात ‘समानता’च शोभेल.

पण कायद्याची समानताही सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. 15 आणि 16 मध्ये स्त्रिया, मुलं, मागास वर्ग ह्यांच्यासाठी वेगळी तरतूद करायला राज्याला मुभा दिलेली आहे. जे एका परिस्थितीत आहेत त्यांना एक वागणूक, असं न्यायालयं 14 वाचत आली. तुमचं राज्य नेमकी ही कलमं खोडून उभं राहिलेलं असणार. एक संवाद फुकट देतो: ‘विशेष तरतूद रद्द. इथे कोणी विशेष नाही.’

निसवणी (रावेर)

काय भो, इतके मोठे लोक जमले आणि कोणालाच ‘सरसकट’ आठवला नाही?

आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. सरसकट पंचनामे, सरसकट मदत, सरसकट पास. 2017 च्या कर्जमाफीला ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकष’ ह्या तीन शब्दांवर किती दिवस किस पाडला ते आठवा. शेतकरी सरसकट मागतो, सरकार निकष पुढे करतं. तुमच्या नाटकात उलट झालंय, सरकारच सरसकट करतंय. ‘सरसकट सरकार’, घ्या नाव!

आणि गंमत अशी की हे राज्य पुढच्या शतकात कशाला शोधता? हवामानावर आधारित केळी विमा बघा. तापमानाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते. केंद्राने आकडा गाठला तर मंडळात सगळ्यांना हेक्टरी सारखी रक्कम, मग कोणी शेडनेट लावून, रात्रंदिवस पाणी देऊन बाग वाचवलेली असो की कोणाची करपलेली असो. आकडा नाही गाठला तर करपलेल्यालाही काही नाही. वादळ-गारपीट झाली तर मात्र शेतावर येऊन बघतात. पैसेवारीवर, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजावर, दुष्काळ ठरायचा तेव्हाही तेच होतं, गावाची 50 पैशांच्या वर गेली की गावातल्या बुडालेल्या माणसाचा दुष्काळ कागदावर संपायचा.

मी विम्याला शिव्या देत नाहीये, हजारो बागा एकेक करून मोजायला माणसं नाहीत हे मलाही कळतं. पण ‘सरासरी’ हा शब्द किती मऊ वाटतो आणि किती जोरात लागतो, ते शेतकऱ्याला विचारा.

एकसारखेपणाचं आणखी सांगतो, मग जातो, पाण्याची पाळी आहे. पूर्वी बागेत कंद लावायचे. एक झाड आज निसवलं, म्हणजे त्याचा घड बाहेर पडला, दुसरं महिन्याने, घड लहानमोठे. टिशूकल्चरची जी-नाईन आली आणि बाग एकसारखी झाली, एकदम निसवते, एकदम कापणीला येते, व्यापारी खुश. पैसा त्यातच आहे, मीही तेच लावतो. पण सगळी रोपं एकाच झाडाच्या नकला, त्यामुळे जो रोग एकाला लागू पडेल तो सगळ्यांना लागू पडतो. मागच्या शतकात ग्रो मिशेल नावाची केळी जगाच्या बाजारात होती, पनामा मर रोगाने तिचा व्यापार बसला, म्हणून तर ही कॅव्हेंडिश जात आली, आपली जी-नाईन त्यातलीच. आता पनामाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्याही मागे लागलाय. तुमच्या राज्याचा शेवट लिहायचा असेल तर तिकडून लिहा. एक आजार येतो आणि तो सगळ्यांना सारखाच लागतो.

पांझराकाठ

दादा, ‘सरसकट’ उचलला! फक्त एक शंका. ते क्रियाविशेषण ना? ‘सरसकट मदत केली’. त्याचं नाम कसं करू? सरसकटपणा, सरसकटीकरण, सरसकटशाही?

शब्दवेल्हाळ

विशेषणही आहे, ‘सरसकट विधान’ म्हणतोच की आपण. ‘सरसकटीकरण’ वृत्तपत्रांत आणि प्रबंधांत रुळलाय, पण त्याचा अर्थ घाईने एकच शिक्का मारणं. माणसं छाटून सारखी करणं त्यात येत नाही. ‘सरसकटशाही’ नवा आहे, पण लोकशाही, हुकूमशाहीच्या रांगेत बसतो आणि ऐकताच कळतो. मी त्याला मत देते.

त्याचे शेजारी पण बघून ठेवा. ‘झाडून सारे’ बोलीतला, मजेदार. ‘एकजात’ तर खासच: ‘एकजात चोर’ म्हणताना आपण सगळ्यांना एका जातीत घालतो. जात पुसायला निघालेल्या सरकारने ‘सर्व नागरिक एकजात समान’ असं परिपत्रक काढलं तर? हे घ्याच नाटकात.

सारंगखेडा

‘सब घोडे बारा टक्के’ कसा विसरलात? चांगलं-वाईट न बघता सगळ्यांना एकच भाव लावणं, त्यालाच ही म्हण. इथले टक्के म्हणजे शेकड्यातले नव्हेत, टका नावाचं नाणं.

दत्तजयंतीला आमच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे ही म्हण बोलून दाखवा, माणसं हसून लोळतील. एकेका घोड्याचे दात बघून वय काढतात, अंगावरचे भोवरे तपासतात, चाल बघतात, मालक ओरडत असतो आणि गिऱ्हाईक मान हलवत असतं. भाव दोघांच्या रुमालाखाली ठरो की तोंडावर, एका घोड्याचा दुसऱ्याला लागत नाही.

रेसकोर्सवर मात्र चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, शर्यत चुरशीची व्हावी म्हणून. हँडिकॅप म्हणतात. तुमच्या नाटकातला ठेचा म्हणजे तेच वजन. पण शर्यत संपली की घोड्यावरचं वजन काढतात.

गावगप्पा (शिंदखेडा)

आणि ‘अंधेर नगरी चौपट राजा, टके सेर भाजी, टके सेर खाजा’? भाजी आणि मिठाई एकाच भावात, सगळ्यांना खुशी. गुरू म्हणतो, जिथे सगळ्याला एकच भाव तिथे राहू नये. चेला खायला मिळतं म्हणून राहतो आणि लठ्ठ होतो. मग फाशीच्या वेळी दोर मोठा निघतो, गुन्हेगाराची मान बारीक, तर दोरात बसेल अशा मानेचा माणूस शोधा म्हणतात, आणि चेला सापडतो. न्याय कोणाला द्यायचा हा प्रश्नच नाही, दोर वाया जायला नको. ह्याच्यापुढे कोणतंही दुःस्वप्नराज्य पोरकट वाटतं.

खडूफळा (अमळनेर)

गावगप्पा, तुम्ही तर माझ्या मनातलं काढलंत. ह्या गोष्टीला ‘समता’ शब्दाची गरजच पडत नाही बघा. भाव एक केला, एवढं सांगितलं की पुढचं सगळं कळतं.

पण सर, एक प्रश्न तुमच्या नाटकाला पडायलाच हवा, कारण तुमचं नावच पांझराकाठ आहे. फड.

नव्या पिढीसाठी सांगतो. पांझरा, मोसम, आराम ह्या नद्यांवर जुने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे साधारण चार फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस ठरला तर सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात भुसार ठरलं तर सगळ्यांचं भुसार. पुढच्या वर्षी पाळी फिरते. पाणी पाटकरी देणार, मालकाने स्वतः फोडायचं नाही. राखणीला जागल्या. पाणी कमी पडलं तर कोणता फड कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली, म्हणून तोट्यातही सगळ्यांचा वाटा आणि नफ्यातही. तीन-चारशे वर्षं हे चाललं. आता वर धरणं झाली, विहिरी आल्या, बरेच फड मोडले.

बाहेरच्या माणसाने पाहिलं तर म्हणेल, हीच की तुमची सरसकटशाही! पीक निवडायची मुभा नाही, पाणी हाताने घेता येत नाही, राखणदार फिरतोय. मग फरक कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, पाटकऱ्याला नेमणारे आणि त्याला जाब विचारणारे तेच, ज्यांच्या शेतात तो पाणी सोडतो. दुसरं, फड पाणी सारखं करतो, उतारा नाही. पाणी मिळाल्यावर कोणी कष्टाने दीडपट पिकवलं तर ते त्याचंच, कोणी येऊन मातीत घालत नाही. ह्याला समता म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

तुमच्या नाटकात एक म्हातारं पात्र ठेवा ज्याने फड पाहिलेला आहे. सरकारी माणूस त्याला म्हणेल, आजोबा, तुम्हीही तेच करत होता ना? आणि म्हातारा चिडेल. तिथे तुमचं नाटक उभं राहील, ठेच्यावर नाही.

पांझराकाठ

सर, हे पात्र आलंच समजा. मग त्याच्याशी बोलणारा तो सरकारी माणूस कोण? अजून नाव सापडत नाही.

निसवणी (रावेर)

मापाडी. बाजार समितीत कोण असतं? हमाल आणि मापाडी. माल मोजायचा त्याचा हक्क, तोलाई त्याची. शब्द तयार आहे, ओळखीचा आहे, काटा दिसतो.

आणि ठेचा, जागरण वगैरे जे काही माणसातून कमी करतात त्याला म्हणा ‘कटती’. व्यापारी क्विंटलमागे ओल, कचरा म्हणून जेवढं वजन उडवतो ती कटती. ‘गळ्याची कटती भरली का?’ ‘औंदा पोराला डोक्याची कटती लागली.’ सांगा, प्रेक्षकाला समजवावं लागेल?

बिचारे खरे मापाडी कष्टाचं खातात, तेवढं ध्यानात ठेवून लिहा.

शब्दवेल्हाळ

वा! मग वाटणी अशी करा. सरकार बोलेल ‘समतोल’: समतोल खातं, समतोल अधिकारी, समतोल प्रमाणपत्र. सम आणि तोल, दोन्ही आत आहेत, ऐकायला आरोग्यखात्यासारखं गोड, आणि सरांची समता वाचते. लोक बोलतील मापाडी आणि कटती. रंगमंचावर ‘समतोल अधिकारी’ म्हणणारा आणि ‘मापाडी’ म्हणणारा, कोण कोणत्या बाजूचा ते न सांगता कळेल.

आणखी एक त्रास आत्ताच सांगून ठेवते. ह्या राज्यात माणसं एकमेकांना हाक काय मारतील? फ्रान्समध्ये 1792-93 ला क्रांतीवाल्यांनी ‘महाशय’ काढून ‘नागरिक’ आणलं आणि आदरार्थी ‘तुम्ही’ सोडून सगळ्यांना ‘तू’ म्हणा असा धोशा लावला. मराठीत हे करून बघा. आबा, नाना, ताई, वहिनी, सगळी नाती म्हणजे लहानमोठेपणाच. ती काढली तर खान्देशात बोलायचं कसं? ‘भो’ तेवढा उरेल.

त्याहून पुढची अडचण क्रियापदाची. तो आला, ती आली. भाषा दर वाक्याला बाई की पुरुष सांगते. खरं सरसकट सरकार ते कसं सहन करेल? सगळ्यांना नपुंसकलिंग! ‘अधिकारी आलं.’ ‘आजोबा रागावलं.’ पहिल्या पाच मिनिटांत हशा, आणि शेवटी तीच भाषा आई मुलाशी बोलताना ऐकली की हसू येणार नाही.

पांझराकाठ

हे थोर आहे. ‘आजोबा रागावलं’ आत्ताच लिहून घेतलं.

अहिराणीचं काय? म्हातारा अहिराणी बोलतो, बाकी सगळे प्रमाण मराठी, असं केलंय. सरकारने बोलीही एक केलेली आहे म्हणून.

गावगप्पा (शिंदखेडा)

मग मुख्य वाक्य त्यालाच द्या. मापाडी परिपत्रक वाचून दाखवतो, सगळे सारखे आहेत वगैरे. म्हातारा ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘बठ्ठा सारखा शेतस, मंग मापाडी कोन शे?’

भाषांतर नको देऊ हं. नागपूर-मुंबईच्या परीक्षकांनाही कळेल. ‘बठ्ठा’ म्हणजे सगळे, एवढं नेपथ्यात कुठल्या तरी फलकावर आधी दिसू द्या.

कोर्टाची पायरी

व्वा. ह्या प्रश्नावर शासनाचं उत्तर काय असेल ते लिहायचं राहिलंय, आणि ते सोपं नाही. मापाड्यालाही कटती असते का? असेल तर ती कोण लावतं? पहिल्या प्रवेशात सोडवून ठेवा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

पांझराकाठ

मापाड्याची कटती: त्याला मोजता येतं पण वाचता येत नाही, परिपत्रक तो पाठ करून म्हणतो. चालेल?

निसवणी (रावेर)

चालेल नाही, पळेल. फक्त संहितेत कटतीचं अनेकवचन ‘कटत्या’ करा, नाहीतर तुम्ही मसुद्यात ‘कटती लागल्या’ लिहाल आणि रावेरचा प्रेक्षक तिथेच उठेल. मापाडीचं बाईमाणूस ‘मापाडीण’. तालमी कुठे आहेत? केळीचा एक घड पाठवतो, तुमच्या सगळ्या पोरांना पुरेल असा, एकसारखा नसलेला.